लेणी कोणाची? : मार्गदर्शक सांगतो ते आणि भिंत सांगते ते

प्राचीन स्थळांच्या मार्गदर्शित सहली हा प्रकार आता आपल्याकडे चांगला स्थिरावला आहे. हिवाळा लागला की मुंबई-पुण्याहून बस निघतात. दोन दिवसांत नाशिक, तीन दिवसांत वेरूळ-अजिंठा, एका दिवसात कार्ले-भाजे. बरोबर जाणकार असतो, गळ्यात ओळखपत्र असते, हातात छापील पत्रक असते. नव्या पुस्तकाचे आपल्याकडे परीक्षण होते, नाटकाचे होते, चित्रप्रदर्शनाचेही होते. पण आज बहुसंख्य मराठी माणूस प्राचीन इतिहास ज्या एका ठिकाणी कानांनी ऐकतो, त्या सहलीतील कथनाची समीक्षा कोणी करत नाही. ते ऐकून सोडून देण्याचे बोलणे आहे, असे आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. जे शेकडो वेळा, जवळपास त्याच शब्दांत, त्याच जागी उभे राहून सांगितले जाते ते एक संहिताच असते. तिची निवड, तिचा क्रम आणि तिची गाळलेली जागा या तिन्ही गोष्टी तपासता येतात. या लेखात नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांपुरते, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या पांडवलेण्यांपुरते, मी ते करणार आहे.

माझ्याबद्दल एवढेच सांगणे पुरे की मी विद्यापीठातली नाही. एका पतसंस्थेत हिशेब लिहिण्यात माझी नोकरीची वर्षे गेली. ब्राह्मी अक्षरे मी वहीत गिरवून शिकले आणि वा. वि. मिराशी यांचे ‘सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांचा इतिहास आणि कोरीव लेख’ हे १९७९ सालचे पुस्तक हाताशी ठेवून लेण्यांत जात राहिले. गेली काही वर्षे मी वेगवेगळ्या गटांच्या मागे उभी राहून मार्गदर्शक काय सांगतात ते टिपून ठेवते आहे. कोणा एकाला दोष देण्यासाठी हे टिपण नाही. त्यांच्यात अतिशय वाचलेली माणसे आहेत, आणि उन्हात दिवसातून तीनदा तोच डोंगर चढणे हे काही सोपे काम नाही. माझा आक्षेप साच्याला आहे.

कथनाचा साचा

हा साचा साधारण चार पायऱ्यांचा असतो. पहिली पायरी नावाची. ‘ही पांडवांनी कोरली असे लोक म्हणतात, पण ते खरे नाही.’ किंवा, मार्गदर्शक दुसऱ्या वळणाचा असेल तर, हे ‘पण’ गळून पडते. दुसरी पायरी राजांची : सातवाहन, क्षहरात, नहपान, गौतमीपुत्र सातकर्णी, आणि एक मोठे युद्ध. तिसरी पायरी कलेची : खांबांवरचे प्राणी, तिसऱ्या लेण्याच्या दर्शनी भागाखाली तुळया खांद्यावर घेतलेले यक्ष, अठराव्या लेण्याची कमान. चौथी पायरी नवलाची : एवढा कातळ कसा फोडला, आवाज कसा घुमतो, पाणी टाक्यात कसे टिकते. मग वीस मिनिटे छायाचित्रांसाठी. पाऊण ते एक तासात चोवीस लेण्यांपैकी चार-पाच पाहून गट खाली उतरतो.

यातले एकही वाक्य खोटे नसेल, तरी या क्रमातून ऐकणाऱ्याच्या मनात एक ठाम उत्तर तयार होते : लेणी राजांनी कोरली. ‘कोणी केले?’ या प्रश्नाला राजाचे नाव, ‘का केले?’ याला धर्म, ‘कसे केले?’ याला छिन्नी-हातोडा. ‘पैसा कोठून आला, किती आला, आणि पुढे वर्षानुवर्षे हे चालले कसे?’ हा प्रश्नच या साच्यात बसत नाही. आश्चर्य असे की डोंगरावरच्या भिंती नेमके याच प्रश्नाचे उत्तर देत उभ्या आहेत, आणि तेही आकड्यांसह.

ही तक्रार नवी नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, म्हणजे आपल्या तिसऱ्या लेण्यावरचा मोठा लेख साधारण ज्या काळात कोरला गेला त्याच सुमारास, पाउसानियास नावाचा ग्रीक प्रवासी ग्रीस देशभर प्राचीन स्थळे पाहत हिंडला आणि त्याने दहा भागांचे वर्णन लिहून ठेवले. त्याला गावोगावी स्थानिक मार्गदर्शक भेटत. अर्गोसच्या मार्गदर्शकांबद्दल तो म्हणतो त्याचा आशय असा, की आपण सांगतो ते सगळे बरोबर नाही हे त्यांना स्वतःला ठाऊक असते, तरी ते तेच सांगत राहतात, कारण लोकांचे मत बदलणे सोपे नसते. स्वतः पाउसानियास मात्र ठिकठिकाणी दगडावरचे लेख वाचतो आणि ऐकीव गोष्ट त्याच्याशी ताडून पाहतो. सहलीचा मार्गदर्शक आणि सहलीचा टीकाकार हे दोघेही इतके जुने आहेत.

दहावे लेणे : एक ठेवपावती

नहपानाचे लेणे म्हणून दाखवले जाणारे दहावे लेणे खरे तर नहपानाचे नाही. ते त्याचा जावई, दिनीकाचा मुलगा उषवदात याचे दान आहे. त्याची बायको दक्षमित्रा ही नहपानाची मुलगी. तिने दिलेल्या खोलीचा लेख तिच्या स्वतःच्या नावाने तिथे आहे. मार्गदर्शक इथे साधारण उषवदाताचे दानशूरपण सांगतात : तीन लाख गायी, सोळा गावे, दरवर्षी एक लाख ब्राह्मणांना भोजन. हे आकडे लेखात आहेतच. पण त्याच व्हरांड्यात आणखी एक लेख आहे, आणि माझ्या मते संपूर्ण डोंगरावर सर्वांत आधी दाखवावा असा तोच आहे.

त्यात ४२वे वर्ष दिले आहे. उषवदाताने लेणे संघाला दिले आणि त्याबरोबर ३,००० कार्षापणांची कायमची ठेव दिली. ही रक्कम त्याने विहारात ठेवली नाही. ती गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेण्यांकडे, म्हणजे व्यावसायिकांच्या संघटनांकडे, गुंतवली. एका श्रेणीकडे २,००० कार्षापण, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १,००० कार्षापण, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यायचे. दुसऱ्या ठेवीचे व्याज इतर किरकोळ खर्चासाठी.

आता हिशेब करून पाहू. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्खू गुणिले बारा कार्षापण, बरोबर २४०. एक कवडी इकडची तिकडे नाही. दुसरीकडे वर्षाला ९० कार्षापण. हा हिशेब मी पहिल्यांदा वहीत मांडला तेव्हा मला लेण्याचा विस्मय वाटला नाही. समोर एक ओळखीचा माणूस उभा राहिल्यासारखे वाटले. आधी खर्च किती हे ठरवून, त्यावरून मुद्दल किती लागेल हे उलटे काढणारा माणूस. तो उषवदात असेल, नाहीतर त्याचा कोणी कारकून असेल. दोन श्रेण्यांचे दर वेगळे आहेत यावरून एवढे अनुमान निघते की दर वरून लादलेला नव्हता, तो ज्या त्या श्रेणीशी बोलून ठरला असावा.

लेख इथे थांबत नाही. हे सगळे निगमसभेत, म्हणजे व्यापारी नगरसभेत, वाचून दाखवले आणि फलकावर नोंदवून ठेवले, असेही तो सांगतो. सोबत चिखलपद्र गावातील ८,००० नारळीची झाडे दिल्याची नोंद आहे. त्याच्या दानाच्या दुसऱ्या एका नोंदीत सोन्याच्या नाण्याचा भावही येतो : ७०,००० कार्षापण म्हणजे पस्तिसास एक या दराने २,००० सुवर्ण. आणि जिथे ब्राह्मण अश्विभूतीकडून ४,००० कार्षापणांना शेत विकत घेऊन ते भिक्खूंच्या अन्नासाठी दिले, तिथे शेत कोठे आहे, विकणाऱ्याला ते कोणाकडून आले, हेही लिहिले आहे. खरेदीखतात लिहितो तसे.

आता मूळ मुद्दा. हा लेख मार्गदर्शकाने वगळला की काय वगळले जाते? नाशिकचे विणकर वगळले जातात. जावई राजाचा होता, पण दरवर्षी पावसाळ्यात भिक्खूंच्या अंगावर येणारे वस्त्र गोवर्धनच्या मागांवर झालेल्या कमाईतून येत होते. त्या श्रेण्यांवर संघाचा आणि राजघराण्याचा एवढा भरवसा होता की कायमची ठेव त्यांच्याकडे ठेवली गेली. सहलीच्या कथनात व्यापार येतो तो रोमच्या जहाजांच्या रूपात, भडोच आणि सोपाऱ्याच्या नावाने. गोवर्धनचा विणकर येत नाही.

आणि हे गोवर्धन कुठे आहे? नाशिकच्या पश्चिमेला गंगापूरच्या वाटेवर आजही त्या नावाचे गाव आहे, आणि लेखांतले गोवर्धन तेच असे अभ्यासक मानतात. सहलीची बस त्या बाजूने जातेच. सोमेश्वरचा धबधबा, गंगापूर धरण, द्राक्षमळे आणि वायनरी हा दुसऱ्या दिवसाचा ठरलेला कार्यक्रम असतो. सकाळी डोंगरावर ज्या गावाचे नाव भिंतीवर कोरलेले पाहिले, त्याच गावाच्या हद्दीतून आपण संध्याकाळी चाललो आहोत, हे गटाला सांगणारा मार्गदर्शक मला अजून भेटायचा आहे. ते सांगायला वेळ किती लागेल? दोन मिनिटे.

तिसरे लेणे : आईचा लेख आणि पडीक शेत

तिसऱ्या लेण्यावर साचा अधिक रंगतो. इथे गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख आहे. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या १९व्या वर्षी तिने हे लेणे भद्रयानीय भिक्खूंना दिले आणि त्या निमित्ताने आपल्या मुलाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, वर्णन कोरून घेतले. असिक, अश्मक, मूलक, सुराष्ट्र, अपरान्त, विदर्भ, आकरावन्ती अशा प्रदेशांची यादी, शक-यवन-पह्लवांचा संहार, क्षहरातांचा निर्वंश, तीन समुद्रांचे पाणी प्यालेली त्याची वाहने. मार्गदर्शक हे आवेशाने सांगतात आणि ते सांगण्यासारखे आहेच. जोगलटेंभीच्या नाण्यांची जोड दिली तर ते आणखी पक्के होते : नाशिकजवळच्या त्या गावात १९०६ साली नहपानाच्या १३,२५० चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, त्यातील ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला होता. जिंकणे म्हणजे काय, ते नाणे हातात घेतल्यावर कळते.

पण बलश्रीचा लेख म्हणजे पराक्रमाचा अहवाल नव्हे. तो मुलाच्या मागे राहिलेल्या आईने लिहवलेला मजकूर आहे. तीत स्वतःची ओळख राजाची आई आणि राजाची आजी अशी दिली आहे. मुलाच्या गुणांत अपराधी शत्रूलाही न मारण्याची वृत्ती येते आणि शत्रूंच्या निर्वंशाचा अभिमानही येतो. दोन्ही एकाच लेखात, काही ओळींच्या अंतराने. चातुर्वर्ण्याची सरमिसळ थांबवणारा असे ज्याचे वर्णन केले, त्याच्या नावाने बौद्ध भिक्खूंना लेणे दिले. या लेखाला एका बाजूने ओढणाऱ्यांनी हे सगळे एकत्र वाचायला हवे. सहलीत मात्र गट कोणता आहे ते पाहून निम्मा लेख सांगितला जातो. एका गटाला फक्त ब्राह्मण राजा मिळतो, दुसऱ्याला फक्त बौद्ध दान. भिंतीवर दोन्ही एका दगडात आहे.

याच लेण्यात या मोठ्या लेखापेक्षा जुने दोन सरकारी हुकूम आहेत, आणि ते मी गटांबरोबर असताना कधी वाचले गेलेले ऐकले नाहीत. पहिला गौतमीपुत्राच्या १८व्या वर्षाचा. विजयी सैन्याच्या छावणीतून निघालेला. गोवर्धनच्या अमात्याला राजा कळवतो की पश्चिम काखडी गावातील, आजवर उषवदाताच्या ताब्यात असलेले २०० निवर्तने शेत त्रिरश्मीच्या भिक्खूंना द्यावे. त्या शेतात कोणी सरकारी माणसाने शिरू नये, मीठ खणू नये, अशा सवलती सोबत. युद्ध नुकते संपले आहे आणि जिंकलेल्याची जमीन वाटली जाते आहे.

दुसरा हुकूम सहा वर्षांनंतरचा, २४व्या वर्षाचा. आता राजाबरोबर राजमाताही आहे. अमात्य आहे श्यामक. मजकूर असा : काखडी गावातले जे शेत आम्ही भिक्खूंना दिले होते, ते कसले जात नाही आणि ते गाव वसलेले नाही. म्हणून नगराच्या सीमेवर आमच्या मालकीच्या गावातले १०० निवर्तने शेत त्यांना द्यावे. हुकुमाच्या शेवटी लोटा नावाच्या प्रतिहारीचे, म्हणजे दारावरच्या अधिकारी स्त्रीचे, नाव येते.

या आठ-दहा ओळींत जेवढा इतिहास आहे तेवढा मोठ्या प्रशस्तीतही नाही. युद्धानंतर गाव ओस पडले. जमीन कागदावर भिक्खूंची झाली, पण कसणारा नव्हता. कोणीतरी नाशिकहून राजापर्यंत ही गोष्ट पोचवली. राजाने ती मान्य केली, निम्म्या आकाराची पण शहरालगतची जमीन दिली आणि आपला आधीचा हुकूम फळला नाही हे दगडावर कोरू दिले. क्षहरातांचा निर्वंश केल्याचा जयजयकार आणि त्या जयानंतर ओस पडलेल्या काखडीची नोंद एकाच लेण्यात आहे. मार्गदर्शक पहिली सांगून पुढे जातो. माझ्या दृष्टीने या साच्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे. तो विजय दाखवतो आणि विजयाची किंमत शेजारच्या भिंतीवर असूनही वाचत नाही.

लहान लेखांतली माणसे

आता साच्यात न येणारी माणसे पाहू. एकोणिसावे लेणे डोंगरावरचे सर्वांत जुन्यांपैकी एक. सातवाहन कुळातील कृष्ण राजाच्या काळात नाशिकच्या एका महामात्राने ते करवले, आणि नाशिक हे आपल्या शहराचे नाव तिथे स्पष्ट आहे. अठराव्या चैत्यगृहाच्या कमानीवर धंभिक गावच्या लोकांचे दान कोरले आहे. म्हणजे ज्या कमानीचे सर्वाधिक छायाचित्रण होते तिचा खर्च एका गावाने उचलला. आठव्या लेण्याचा दाता मुगुदास, ‘दासक’. या शब्दाचा अर्थ कोळी असा लावला जातो. एका लेण्याचा आणि दोन टाक्यांचा दाता वुधिक नावाचा शक लेखक, दशपूरचा, म्हणजे आजच्या मंदसोरचा. सतराव्याचा दाता इंद्राग्निदत्त, धर्मदेवाचा मुलगा, उत्तरेकडील दत्तामित्रीचा यवन. नाव वैदिक, वडिलांच्या नावात धर्म, ओळख ग्रीक, दान बौद्ध संघाला. आजच्या कोणत्याही फॉर्मवर या माणसाला कोणत्या रकान्यात बसवावे हे कळणार नाही.

दहाव्या लेण्याच्या अंगणात आणखी एक ठेव आहे, दीडेक शतकानंतरची. आभीर राजा ईश्वरसेन याच्या ९व्या वर्षी विष्णुदत्ता नावाच्या शक स्त्रीने गोवर्धनच्या श्रेण्यांकडे रक्कम गुंतवली : कुंभार, पाण्याची यंत्रे करणारे, तेली अशांच्या. हेतू लिहिला आहे : आजारी भिक्खूंसाठी औषधे. राजवटी बदलल्या, पण ठेव ठेवायला माणसे गोवर्धनच्या कारागिरांकडेच आली. आणि विसाव्या लेण्याची गोष्ट तर अर्धवट राहिलेल्या कामाची आहे. बोपकी नावाच्या यतीने सुरू केलेले लेणे अनेक वर्षे अपुरे पडून होते. यज्ञ सातकर्णीच्या ७व्या वर्षी महासेनापती भवगोप याची पत्नी वासू हिने ते पुरे केले.

हे केवळ नाशिकचे वैशिष्ट्य नाही. जुन्नरला बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेण्यांकडे ठेवी आहेत, धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि टाके दिले आहे. कार्ल्याचे चैत्यगृह वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने पुरे केले आणि जंबुद्वीपात ते सर्वोत्तम असल्याचे स्वतःच कोरून ठेवले. कान्हेरीच्या लेखांवर शोभना गोखले यांनी १९९१ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. तिथेही कल्याण आणि सोपाऱ्याच्या साध्या दात्यांची रांग लागते. म्हणजे नाशिक, जुन्नर, कार्ले, कान्हेरी अशी सलग सहल आखली तर तिचा धागा राजवंशांपेक्षा श्रेण्यांचा आणि वाटांचा निघतो. प्रत्येक ठिकाणी गटाला एकच प्रश्न विचारायचा : हे कोणाच्या कमाईतून झाले?

भिंतही सगळे सांगत नाही

इथे कोणी म्हणेल, मग मार्गदर्शकाच्या जागी शिलालेख बसवला की काम झाले. तसे नाही. शिलालेख हाही एक मार्गदर्शकच आहे, आणि त्यालाही दाखवायचे व लपवायचे असते. दात्याने पैसे दिले म्हणून त्याचे नाव आहे. कातळ फोडणाऱ्याचे नाही. पितळखोऱ्याला सापडलेल्या यक्षमूर्तीवर ती घडवणाऱ्या कान्हदास नावाच्या सोनाराचे नाव आहे. अशी नावे बोटांवर मोजण्याइतकी. काखडी का ओस पडले, तिथली माणसे कुठे गेली, हे हुकूम सांगत नाही. विणकरांची घरे कशी होती, ते काय खात, त्यांची मडकी कशी होती, हे भिंतीवर नाही. ते मातीत आहे.

आणि नाशिकची ती माती उपलब्ध आहे. जुन्या नाशकात गोदावरीच्या उजव्या काठावर मातीची गढी नावाचे टेकाड आहे. १९५०-५१ साली ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी डेक्कन कॉलेजतर्फे तिथे उत्खनन केले. त्याच हंगामात संगमनेरजवळ जोर्वे येथेही खणले गेले, आणि त्या लहान गावाच्या नावाने महाराष्ट्रातील एक ताम्रपाषाणयुगीन संस्कृती ओळखली जाऊ लागली. दोन्हींचा अहवाल १९५५ साली प्रसिद्ध झाला. नाशिकच्या टेकाडात तळाशी रंगीत मडकी आणि लहान दगडी हत्यारे वापरणाऱ्यांची वस्ती, त्यावर उत्तरेकडील काळ्या झिलईच्या भांड्यांचा आणि सातवाहनांचा काळ, त्यावर रोमशी व्यापाराच्या खुणा, आणि वर मुसलमानी-मराठा काळ असे थर मिळाले. म्हणजे लेण्यांच्या भिंती ज्या नाशिककरांची नावे देतात त्यांचे राहते घर या टेकाडात आहे.

या ठिकाणी एकही सहल थांबत नाही. कारण उघड आहे : दाखवण्यासारखे काही नाही. शिल्प नाही, खांब नाही, छायाचित्र येत नाही. आहे ती ढासळणारी माती. गोदाकाठच्या गढीच्या कडेला लोकांची घरे आहेत. दर पावसाळ्यात दरड कोसळण्याच्या बातम्या येतात, रहिवाशांना जागा सोडण्याच्या नोटिसा निघतात, पाऊस संपला की विषय मागे पडतो. तिथे राहणाऱ्यांच्या जिवाचा प्रश्न पहिला, यात शंका नाही. त्यांचे नीट पुनर्वसन झाल्याशिवाय पुरातत्त्वाची गोष्ट बोलू नये. पण प्रत्येक पावसात नदीत जाणाऱ्या त्या मातीबरोबर दोन-अडीच हजार वर्षांचा घरगुती इतिहासही जातो, आणि तो दगडासारखा वाट पाहत उभा राहत नाही.

सहलीच्या कथनावर एवढे बोलायचे कारण हेच आहे. लोकांना जे दाखवले जाते तेच जपावे असे लोकांना वाटते. पांडवलेण्यांना कुंपण आहे, पहारा आहे, तिकीट आहे, कारण लोक ती पाहायला येतात. गढी कोणी पाहत नाही, म्हणून ती कोणाच्या यादीत वर येत नाही. २०२७चा सिंहस्थ समोर आहे. घाट, रस्ते, पूल यांची कामे गोदाकाठीच होणार. अशा वेळी ‘इथे काय आहे?’ हा प्रश्न शहरातल्या दहा हजार माणसांना आधीच ठाऊक असणे आणि फक्त दहा अभ्यासकांना ठाऊक असणे यात फार अंतर आहे. हे अंतर अहवाल भरून काढत नाहीत. सहली काढू शकतात.

मार्ग बदलायचा तर

माझी सूचना साधी आहे आणि तिला अनुदान लागत नाही. नाशिकची सहल डोंगरापासून सुरू न करता गढीपासून सुरू करावी. सुरक्षित अंतरावर, नदीच्या बाजूने, पंधरा मिनिटे उभे राहून थर म्हणजे काय ते सांगावे. तिथून गोवर्धन. तिथे पाहायला काही नसले तरी चालेल, नाव सांगावे आणि दोन ठेवींचा हिशेब गटाकडून करून घ्यावा. लहान मुलेही तो करतात आणि २४० हा आकडा जुळला की त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. मग डोंगर : एकोणीस, दहा, तीन, वीस या क्रमाने. चोवीसही पाहण्याची गरज नाही. अंजनेरीजवळ नाणेशास्त्राचे संशोधन केंद्र आणि संग्रहालय आहे, तिथे नाणी पाहून सांगता करावी. त्याने दिवसाचा हिशेब पुरा होतो.

डोंगरावर दहाव्या आणि तिसऱ्या लेण्यापाशी मुख्य लेखांचा सोपा मराठी अनुवाद फलकावर लावणे हे त्याच्या पुढचे काम. भगवानलाल इंद्रजी यांनी १८८३च्या गॅझेटियरसाठी या लेखांवर लिहिले, सेनार यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ते एपिग्राफिया इंडिकात प्रसिद्ध केले, मिराशींनी ते मराठीत आणले. वाचन होऊन शंभराहून अधिक वर्षे झाली. ते पायऱ्या चढून वर पोचलेले नाही एवढेच.

पांडव की बुद्ध, हा वाद या मार्गावरही येईल. येऊ द्यावा. लोकांनी ज्या लेण्यांना पांडवांचे नाव दिले त्या लोकांचीही एक स्मृती आहे, आणि भिंतीवर ‘तिरण्हु’ हे डोंगराचे जुने नाव आहे हेही खरे. भिंत वाचून दाखवली की वादाचा सूर आपोआप उतरतो असा माझा अनुभव आहे. ब्राह्मणाकडून विकत घेतलेले शेत, शकाचे दान, यवनाचे लेणे, विणकरांची जबाबदारी आणि भिक्खूंचे वस्त्र हे सगळे एका व्हरांड्यात दिसल्यावर ‘लेणी कोणाची?’ हा प्रश्न विचारणारा जरा थांबतो.

तिसऱ्या लेण्यातला तो २४व्या वर्षाचा हुकूम मला म्हणूनच मोलाचा वाटतो. शेत कसले जात नाही, गाव वसलेले नाही, हे कळल्यावर राजाने सहा वर्षांत आपला हुकूम बदलला. आपल्या सहलींचा मार्ग कोणा राजाने आखलेला नाही. तो बदलायला छावणीतून आज्ञा यावी लागत नाही. पुढच्या हंगामात एखाद्या मार्गदर्शकाने दहाव्या लेण्यात गटाला वही-पेन काढायला सांगितले, तरी सुरुवात झाली.